जुना प्राचार्य बंगला पाडू नका: कॉलेजच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमच्या कॉलेजची शिक्षण संस्था, बेळगाव

विषय: आवारातला जुना प्राचार्य बंगला पाडण्याचा निर्णय थांबवण्याबाबत

सविनय नमस्कार.

कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळचा जुना प्राचार्य बंगला पाडून तिथे भाड्याचे गाळे आणि पार्किंग करायचं मंडळाने ठरवलं आहे. आम्हा माजी विद्यार्थ्यांना हे कळलं ते ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावलेल्या टेंडरच्या कागदावरून. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि एका संध्याकाळीत तो बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, पुणे असा सगळीकडे फिरला. त्या कागदात बंगल्याचं वर्णन एका ओळीत उरकलं आहे: जीर्ण व वापरात नसलेली इमारत पाडून जागा मोकळी करून देणे. खाली मोजमाप, अनामत रक्कम, अंतिम तारीख. टेंडरच्या कागदात इतिहास लिहीत नाहीत, हे मला समजतं. पण मंडळाच्या ठरावातही तो नाही, असं ज्यांनी ठराव वाचला ते सांगतात.

मी या कॉलेजची माजी विद्यार्थिनी. पुढे खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. हेच म्हणणं मी आधी लेखी अर्जाने मंडळाच्या ऑफिसात दिलं होतं, त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर मांडते आहे. कॉलेजचं आणि संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांना ते कळणारच आहे, आणि ज्या संस्थेने मला शिकवलं तिची बदनामी मला करायची नाही.

आधी बंगल्याविषयी सांगते, कारण मंडळातल्या बऱ्याच सदस्यांनी तो उघडा असलेला पाहिलेला नाही.

१९३३ साली लिंगराज कॉलेज सुरू होईपर्यंत बेळगावात डिग्री कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचं तर धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन, कोल्हापूरचं राजाराम, नाहीतर थेट पुणं. घरची ऐपत असेल तोच जाई. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. १९४५ साली राणी पार्वतीदेवी कॉलेज निघालं, आणि मग एकेक करत शहराच्या कडेच्या माळांवर कॉलेजं उभी राहिली. आपलं कॉलेज त्याच पिढीचं. माळावर कॉलेज काढायचं तर प्राचार्य हाकेच्या अंतरावर हवा, अशी त्या वेळच्या संस्थाचालकांची समजूत होती. म्हणून वर्गखोल्यांच्या जोडीनेच हा बंगला बांधला गेला. वर्गणीतून बांधला. गावोगावच्या शेतकऱ्यांनी, बेळगावच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांनी आपल्या पगारातून दिलेल्या पैशातून.

बंगला दिसायला साधाच आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी वासे, वर मंगळुरी कौलं आणि तीन बाजूंनी व्हरांडा. बेळगावचा पाऊस घाटाकडून तिरका मारतो, म्हणून वळचण बरीच खाली उतरवलेली. समोरच्या खोलीला दोन दारं आहेत. एक घरात उघडतं, दुसरं व्हरांड्यात. व्हरांड्यातलं दार विद्यार्थ्यांसाठी. आत टेबल, लोखंडी कपाट आणि भिंतीलगत एक लांब बाकडं. कॉलेज सुटल्यावर ज्याला प्राचार्यांना भेटायचं असेल त्याने त्या दाराने यायचं आणि बाकड्यावर बसायचं. घरात डोकवावं लागत नसे, कुणाला विचारावं लागत नसे. प्राचार्य म्हणजे कोण, याची त्या माणसांची कल्पना मला त्या दुसऱ्या दारात दिसते.

त्या बाकड्यावर कोण बसलं नाही? फी भरायची मुदत टळलेली मुलं बसली. वसतिगृहात भांडणं करून आलेली बसली. मुलीचं शिक्षण थांबवून लग्न उरकायला निघालेले बाप बसले, आणि त्यातले काही विचार बदलून घरी गेले.

चंदगडची मुलं तर फार. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागे राहिला, पुढे महाराष्ट्रात गेला. पण चंदगडच्या माणसाला बाजार, दवाखाना आणि कॉलेज बेळगावचंच जवळ. ती मुलं रोज राज्याची हद्द ओलांडून यायची. त्यांची फी-सवलत कोणत्या सरकारने द्यायची यावर वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालली, आणि आपले प्राचार्य त्या बंगल्यातल्या टेबलावरून दोन्ही सरकारांना पत्रं लिहीत राहिले. एका मुलाच्या सवलतीसाठी आलेल्या-गेलेल्या पत्रांची जाडजूड फाईल मी स्वतः हाताळली आहे. पहिल्या पत्रात तो पहिल्या वर्षाला आहे. शेवटच्या पत्राच्या तारखेला तो पदवी घेऊन बाहेर पडलेला होता, आणि तरीही प्राचार्यांनी ते पत्र लिहिलं, कारण त्याच्या धाकट्या भावाने प्रवेश घेतला होता.

त्याच कपाटातले नुसते लेटरहेड क्रमाने लावले तरी या भागाचं गेल्या शतकातलं चरित्र तयार होतं. आधी मुंबई राज्य आणि मुंबई विद्यापीठ. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं, त्यानंतरच्या कागदांवर धारवाड. १९५६ नंतर म्हैसूर राज्य. १९७३ नंतर कर्नाटक. पुढे २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं आणि २०१४ साली शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण तोवर बंगल्याला कुलूप लागलं होतं, त्यामुळे ते कागद तिथे नाहीत. राज्य बदललं, विद्यापीठ बदललं, अभ्यासक्रम बदलले. व्हरांड्यातलं दार मात्र त्याच वेळेला उघडत राहिलं.

माझा स्वतःचा संबंध जून १९८६ चा. कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाचे ते दिवस. गोळीबार झाला, माणसं गेली, शहर बंद पडलं. खानापूरकडच्या आम्ही काही मुली प्रवेशाच्या कामासाठी आलो होतो आणि अडकलो. परत जायला ना बस, ना रेल्वेपर्यंत पोचायची सोय. वसतिगृह अजून उघडलेलं नव्हतं. प्राचार्य स्वतः ऑफिसातून उठले, आम्हाला पुढे घातलं आणि मागच्या वाटेने बंगल्यावर घेऊन गेले.

सरांची मातृभाषा कन्नड. काकू बैलहोंगलकडच्या. आम्ही दारात चपला हातात घेऊन उभ्या, काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "बर्री, कुंदर्री." म्हणजे या, बसा. मग आमचे चेहरे बघून मराठीत, "घाबरू नका गं, हे तुमचंच घर." मधल्या खोलीत सतरंज्या घातल्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. सरांनी ओळखीच्या एकेका ठिकाणी फोन लावून आमच्या गावांत निरोप पोचवले; फोन लागेना तेव्हा पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. माळीमामा व्हरांड्याच्या पायरीवर कंदील घेऊन रात्रभर बसले होते. बाहेर भाषेवरून रक्त सांडलेलं, आणि आत एक कानडी बाई मराठी मुलींना स्वतःच्या पोटच्या पोरींसारखं पांघरूण घालत होती. मी पुढे वर्गात कित्येक पिढ्यांना नागरिकशास्त्र शिकवलं. ते मी त्या घरात शिकले.

वाट मोकळी झाल्यावर माझे वडील न्यायला आले. त्यांच्या मनात मला पुढे शिकवायचं नव्हतं, आणि शहरात जे झालं त्याने त्यांना कारणच मिळालं होतं. सरांनी त्यांना त्या बाकड्यावर बसवलं, चहा दिला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मला न्यायला आलेले वडील त्या दिवशी माझी फी भरून घरी परतले.

म्हणून सांगते, हा बंगला माझ्या मते संस्थेची सर्वांत मोलाची इमारत आहे. मुख्य इमारतीपेक्षाही. वर्ग कुठेही भरवता येतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. निर्णय घेताना कुणालाही विचारलं नाही. माजी विद्यार्थ्यांना नाही, शिक्षकांना नाही, ज्या घराण्यांनी बांधकामाला पैसे दिले त्यांच्या वारसांना नाही. सर्वसाधारण सभेत विषय आला होता का, हे पाहायला मी इतिवृत्ताची प्रत मागितली. ती मिळाली नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार होती तेव्हा मात्र याच बंगल्याचा फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत मानाने छापला होता, दर्शनी भिंतीला रंगही काढला होता.

दुसरी. इमारत जीर्ण आहे हे कुणी ठरवलं? स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल आहे का? असेल तर तो बोर्डावर का लावला नाही? कॉलेजच्या वर्धापनदिनाला आलेल्या आम्हा काही जणांना बंगला उघडून दाखवला होता, तेव्हा मी नीट पाहून घेतलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे छपराचे दोन उतार एकमेकांना मिळतात, तिथला पत्रा गंजून त्याची चाळण झाली आहे. सगळं पाणी त्यातून थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. त्यातच मागे कधीतरी ती भिंत बाहेरून सिमेंटने लिंपली. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. ती आतच कोंडते, गिलावा फुगून सुटतो, भिंतीत बसवलेलं वाशाचं टोक कुजतं. तेच तिथे झालं आहे. दोन वाशांची टोकं बोटाने कुरतडता येतात. पण उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत भिंत कोरडी आहे, वासे ठणठणीत आहेत, फरशीला भेग नाही. पत्रा बदलणं, दोन वाशांना जोड देणं, फुटकी कौलं काढून नवी घालणं आणि ते सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करणं, एवढं काम आहे. खानापूर-बेळगावकडचे जुने गवंडी आणि सुतार अजून हे काम करतात. एका कोपऱ्याच्या गळतीसाठी पूर्ण घर पाडायचं ही गोष्ट मला पटत नाही, आणि कुठल्याही प्रामाणिक इंजिनियरला पटेल असं वाटत नाही.

प्राचार्य स्वतःच्या घरी राहायला लागले, घरभाडे भत्ता घ्यायला लागले, तेव्हापासून बंगला बंद आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळ बदलतो, प्राचार्यांनाही आपलं घर असतं. पण बंद करणं आणि सोडून देणं यात फरक आहे. काही वर्षं तिथे परीक्षेचे गठ्ठे ठेवले, मग मोडकी बाकं, मग निवडणुकीच्या वेळी उरलेलं सामान. कौलं शाकारायची राहिली ती राहिलीच.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, आणि मंडळाने बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं. समोरच्या खोलीतलं लोखंडी कपाट आणि मागच्या कोठीतले दोन लाकडी रॅक कागदांनी भरलेले आहेत. जुनी प्रवेश रजिस्टरं. मंडळाची सुरुवातीची इतिवृत्तं, काही मराठीत, काही इंग्रजीत, काही कन्नडमध्ये. देणगीदारांच्या याद्या, त्यात पाच-पाच रुपये देणाऱ्यांचीही नावं. स्नेहसंमेलनांचे फोटो. पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही. चंदगडच्या त्या फायली. कॉलेजची जमीन ज्यांनी दिली त्यांच्या दानपत्राची नक्कल. रॅकचा खालचा खण वाळवीने खाल्ला आहे. वरच्या खणातली रजिस्टरं ओलीने एकमेकांना चिकटली आहेत, ती ओढून उघडायला गेलं तर पान फाटतं. टेंडरच्या कागदात लिहिलं आहे की इमारतीतल्या निरुपयोगी सामानाची विल्हेवाट ठेकेदाराने लावायची. म्हणजे हे सगळं रद्दीच्या गाडीत जाणार.

सीमाभागातल्या मराठी माणसाला कागदाचं मोल सांगावं लागू नये. कुठल्या गावात कोणती भाषा बोलली जात होती, शाळा कोणत्या माध्यमाची होती, दप्तर कोणत्या लिपीत होतं, यावर सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे वाद झाले आणि २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दाखल केलेला दावाही असल्याच कागदांवर उभा आहे. प्रवेश रजिस्टरात प्रत्येक मुलाचं गाव, मातृभाषा, वडिलांचा धंदा लिहिलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडमधल्या घरांतली पहिली शिकलेली पिढी कोण, कुठून आली, कोणत्या जातीची, मुली किती, हे समजायला याहून चांगलं साधन नाही. ते मराठीच्या बाजूचं आहे की कन्नडच्या, याची मला पर्वा नाही. ते खरं आहे, म्हणून जपायला हवं.

चौथी. मागच्या अंगणात फणस, बकुळ आणि दोन जुने आंबे आहेत. शहरात झाड तोडायचं तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्ज केला आहे का, ते कळावं.

पाचवी. पैसा. संस्थेला पैशाची गरज आहे, हे मी नाकारत नाही. अनुदान पुरत नाही, जागा भरल्या जात नाहीत, तात्पुरत्या शिक्षकांचे पगार संस्थेला करावे लागतात. गाळ्यांचं भाडं दर महिन्याला येईल, हा विचार मी समजू शकते. पण ही जमीन शिक्षणाच्या कामासाठी म्हणून दानात मिळाली आहे. त्या दानपत्रातल्या अटी मंडळाने वाचल्या का? त्यात दुकानं बसतात का? आणि पार्किंगच हवं असेल तर दक्षिणेकडचा जुना सायकल स्टँड कित्येक वर्षं रिकामा पडला आहे, तो बंगल्याच्या जागेपेक्षा मोठाही आहे आणि मुख्य रस्त्याला लागूनही आहे.

बंगला संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, असं उत्तर मला तोंडी मिळालं. खरं आहे. पण आपल्याच शहरात रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घर पाहा. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. काही दिवसांच्या मुक्कामासाठी ते घर आज स्मारक म्हणून जपलं जातं आणि तिथे मराठी, कन्नड सगळे जातात. म्हैसूरला आर. के. नारायण यांचं घर २०११ साली पाडायला सुरुवातही झाली होती. वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, काम थांबलं, सरकारी यंत्रणेने ते ताब्यात घेऊन दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुलं केलं. नारायण तमिळ घरातले, लिहिलं इंग्रजीत. तरी कर्नाटकाने त्यांचं घर राखलं. धारवाडला साधनकेरीत कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचं घर राखलं आहे. पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली जपली आहे. यातलं एकही घर दिसायला राजवाडा नाही.

माझ्या शाळेतल्या मुली इंदिरा संतांच्या कविता पाठ म्हणायच्या. इंदिराबाई मूळच्या निपाणीजवळच्या तवंदीच्या, आणि याच बेळगावात ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. मुली विचारायच्या, "बाई, त्यांचं कॉलेजातलं ऑफिस, त्यांची खुर्ची, असं काही बघायला मिळेल का?" पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकायचे आणि पुन्हा तोच प्रश्न. नेऊन दाखवावं असं माझ्याजवळ काही नसायचं. निदान आपल्या कॉलेजच्या बाबतीत तरी पुढच्या शिक्षकावर ही वेळ येऊ नये.

काही मित्रांनी सुचवलं की हा विषय मराठीवरचा अन्याय म्हणून मांडा, लगेच गर्दी जमेल. मी तसं मांडणार नाही, कारण ते खरं नाही. बंगल्यात मराठी प्राचार्य राहिले तसे कन्नडही राहिले. वि. कृ. गोकाक सांगलीच्या विलिंग्डनचे प्राचार्य होते, पुढे कोल्हापूरच्या राजारामचेही. द. रा. बेंद्रे सोलापूरच्या कॉलेजात अनेक वर्षं शिकवत होते. दोघेही ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मराठी मुलं त्यांचं नाव आदराने घेत आली. आपल्याकडेही तेच झालं, फक्त ती माणसं एवढी प्रसिद्ध नव्हती. माझ्या सरांचं नाव कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ते सापडेल त्या कपाटात.

आणि आपल्या मराठी कार्यकर्त्यांनाही हात जोडून सांगते. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, मीही त्यात चालले आहे. त्याच निष्ठेने या बंगल्यासाठी उभे राहा, पण घोषणा न देता. कन्नड माजी विद्यार्थ्यांना बरोबर घ्या. माझ्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणींनी या पत्राचं कन्नड रूप त्यांच्या बाजूने आधीच पाठवलं आहे. सही त्यांची, म्हणणं एकच.

माझ्या आणि माझ्याबरोबरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मागण्या अशा:

१. टेंडर ताबडतोब स्थगित करावं आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. त्या सभेला माजी विद्यार्थी, शिक्षक आणि देणगीदारांच्या घरातल्यांना बोलवावं.

२. निर्णय काहीही होवो, कागद आधी हलवावेत. येत्या पावसाआधी सगळी रजिस्टरं, फायली, फोटो कोरड्या खोलीत न्यावेत, यादी करावी, स्कॅन करावं. चिकटलेली रजिस्टरं जाणकाराच्या हाताने उघडावीत, कुणीही घाईने ओढू नयेत. यादी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत जाहीर करावी.

३. जुन्या दगडी आणि चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या, संस्थेशी संबंध नसलेल्या वास्तुविशारदाकडून बंगल्याची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल बोर्डावर लावावा.

४. दानपत्र आणि त्यातल्या अटी जाहीर कराव्यात.

५. पश्चिमेच्या कोपऱ्यावर तातडीने ताडपत्री घालून पाणी थांबवावं. याला सभेची गरज नाही, आज होण्यासारखं काम आहे.

६. दुरुस्तीनंतर बंगला विद्यार्थ्यांसाठी उघडावा. खानापूर आणि चंदगडकडून येणाऱ्या मुलांना सकाळच्या बसने आल्यावर तास सुरू होईपर्यंत आणि तास संपल्यावर बस मिळेपर्यंत बसायला जागा नसते. ती व्हरांड्यात, पायऱ्यांवर, कँटीनच्या बाहेर उभी असतात. मधल्या खोलीत त्यांच्यासाठी वाचनालय करता येईल. समोरच्या खोलीत कॉलेजच्या इतिहासाचे कागद नीट मांडता येतील. भिंतीवर तिथे राहिलेल्या सगळ्या प्राचार्यांची नावं लावावीत, आणि त्यांच्या खाली माळी, स्वयंपाकी, शिपाई यांचीही.

दुरुस्तीचा खर्च संस्थेवर टाकायचा आमचा विचार नाही. माजी विद्यार्थी वर्गणी काढायला तयार आहेत, पहिलं नाव माझं लिहावं. दोन स्थापत्य अभियंते, एक छायाचित्रकार आणि ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई मोबदला न घेता काम करायला तयार आहेत. मंडळाने फक्त दार उघडून द्यावं आणि हिशोब तपासायला आपला एक माणूस नेमावा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही बंगल्याच्या व्हरांड्यात जमणार आहोत. अध्यक्ष महोदयांनी आणि मंडळाच्या सदस्यांनी यावं, ही विनंती. किल्ली आणावी. छपराचं मोजमाप घ्यायला इंजिनियर असतील, आणि मंडळाने परवानगी दिली तर कागद हलवायला पत्र्याच्या पेट्याही आम्ही आणू. ज्यांना येणं शक्य नसेल त्यांनी टेंडर स्थगित केल्याचं लेखी पत्र त्याआधी ऑफिसच्या बोर्डावर लावावं.

या पत्राच्या प्रती मा. जिल्हाधिकारी आणि मा. महापालिका आयुक्त यांना माहितीसाठी दिल्या आहेत.

आपली नम्र,
कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी,
निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका